आधी नोंद, मग टाळी

वानखेडेवर रणजीचा सामना, चौथा दिवस, दुपारची अडीचची वेळ. पलीकडून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलची धडधड मैदानात स्पष्ट ऐकू येत होती, यावरून स्टँडमध्ये माणसं किती असतील ते समजून घ्यावं. ऊन खुर्च्यांच्या पाठींवरून सरकत पायांशी आलेलं. पुढच्या रांगेत सत्तरीच्या आसपासचे एक काका बसले होते. मांडीवर लाकडी परीक्षा-पॅड, त्यावर आडवं स्कोअरबुक, वाऱ्यानं पान उडू नये म्हणून दोन्ही टोकांना रबरबँड, एक पेन्सिल कानावर आणि एक हातात. पाहुण्यांचा फलंदाज स्लिपमध्ये झेल देऊन बाद झाला. होते नव्हते तेवढे सगळे उठले, मागच्या पोरांनी आरोळी ठोकली, कुणी रिकामी खुर्ची बडवली. काका मान खाली घालून लिहीत राहिले. झेल कुणाचा, गोलंदाज कोण, फलंदाजाच्या धावा, त्यानं खेळलेले चेंडू, संघाची धावसंख्या, कितवी विकेट, कितव्या षटकाचा कितवा चेंडू. सगळं लिहून झाल्यावर पेन्सिल कानावर गेली, पॅड शेजारच्या खुर्चीवर ठेवलं गेलं, आणि काका उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तोवर बाकीचे सगळे खाली बसले होते. त्या मोकळ्या स्टँडमध्ये एकट्या माणसाच्या टाळ्या.

"काका, आता कशाला वाजवताय?" मागच्या पोरानं विचारलं.

"आत्ता आउट झाला ना तो," काका म्हणाले आणि बसले.

पोरं हसली. पण ते वाक्य हसण्यावारी जाईना. आनंद वीस-पंचवीस सेकंद मागे ढकलून ठेवणारा हा कसला चाहता? की चाहता असाच असतो, आणि बाकीचे आपण नुसते बघे?

स्टँडमध्ये बसून स्वतःच्या हौसेनं स्कोअर लिहिणारी ही जमात आता विरळ झाली आहे. मोबाइलवर चेंडू पडायच्या आत धावा दिसतात, मग लिहायचं कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. तरी धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांत स्कोअरबुक अजून मिळतं. क्लबांच्या सामन्यांना, कांगा लीगला, शाळांच्या स्पर्धांना ते लागतंच. आडवं, जाड पुठ्ठ्याचं, एका डावाला एक पान. वरच्या भागात फलंदाजांच्या अकरा ओळी. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग धावांच्या खुणांसाठी लांब पट्टा, मग बाद कसा, गोलंदाज कोण आणि एकूण धावा. त्याखाली अवांतर धावांच्या चार ओळी. मग कितवी विकेट कितीवर पडली त्याचे रकाने. तळाशी गोलंदाज, प्रत्येक षटकाला एक चौकोन. आणि एका कडेला एकपासून पुढे छापलेले आकडे, धाव निघाली की खोडत जायचे. त्याला टॅली म्हणतात. म्हणजे एक साधी एकेरी धाव निघाली तरी पेन्सिल तीन ठिकाणी टेकते: फलंदाजाच्या ओळीत १, गोलंदाजाच्या चौकोनात १ आणि टॅलीवर एक काट. आणि पुढचा चेंडू टाकायला फिरकी गोलंदाज कधी कधी पंधरा-वीस सेकंदही घेत नाही.

खुणा ठरलेल्या आहेत. धाव नाही तर ठिपका. वाइडला अधिकचं चिन्ह, त्यावर पळून आणखी धावा काढल्या तर त्या चिन्हाच्या कोपऱ्यांत तेवढे ठिपके. नोबॉलला गोल, बॅटीनं धावा काढल्या असतील तर आकडा गोलाच्या आत. बायला, म्हणजे चेंडू बॅटीला किंवा अंगाला न लागता मिळालेल्या धावेला, टोक वर असलेला त्रिकोण. लेगबायला, म्हणजे अंगाला लागून गेलेल्या चेंडूवरच्या धावेला, उलटा. सहाच्या सहा चेंडू निर्धाव गेले की ठिपके जोडून इंग्रजी एम काढायचा, त्यात विकेट असेल तर डब्ल्यू. नवशिका इथंच पहिल्यांदा अडखळतो. षटकात चार बाय गेल्या म्हणून तो निर्धाव षटक मोडतो. ते मोडत नाही, कारण बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत. वाइड आणि नोबॉल मात्र लागतात. वाइड हा फलंदाजानं खेळलेला चेंडू धरत नाहीत, नोबॉल धरतात. आणि सगळ्यात जुनी खोड म्हणजे झेल उडाल्यावर दोघं फलंदाज एकमेकांना ओलांडून गेले का, ते बघायची. ऑक्टोबर २०२२ पासून झेलबाद झाला की नवा फलंदाजच स्ट्राइकवर येतो, ओलांडण्याचा संबंध राहिला नाही. (षटकच संपलं असेल तर गोष्ट वेगळी.) चाळीस वर्षं लिहिणाऱ्याचा हात मात्र अजून सवयीनं दुसऱ्याच ओळीवर जातो, आणि मग पुढच्या दोन षटकांच्या धावा भलत्याच्या नावावर चढतात.

एवढ्या लांबून चेंडू पॅडला लागला की बॅटीला, हे डोळ्यांना कळत नाही. कळायची गरजही नसते. बघायचं ते पंचाकडे. गुडघा वर उचलून हातानं स्पर्श केला तर लेगबाय, उघडा तळवा वर गेला तर बाय, खांद्याला बोटं टेकवली तर एक धाव अपुरी. अधिकृत स्कोअररनं हात किंवा दिवा दाखवून पोच दिल्याशिवाय पंचानं खेळ पुढे सुरू करू द्यायचा नाही, असा नियमच आहे. स्टँडमधल्या या हौशी कारकुनाची पोच कुणालाच नको असते. तरीही पंचानं खूण केली की यांची मान किंचित हलते. अगदी किंचित. शेजारी बसलेल्यालाच दिसेल इतकी.

पेनानं कधीच लिहायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पूर्वी कारण होतं घामाचं आणि पावसाच्या थेंबांचं. आता कारण आहे डीआरएस, म्हणजे पंचाचा निर्णय पडद्यावर पुन्हा तपासून घ्यायची सोय. बाद दिला, जल्लोष झाला, ओळ बंद केली, आणि दोन मिनिटांनी मोठ्या पडद्यावर चेंडू लेगस्टंपाबाहेरून जाताना दिसला. मग खोडरबर. त्यातही एक आतली मेख अशी, की पंचानं आधी पायचीत दिलं आणि नंतर निर्णय फिरला, तर त्या चेंडूवर पळालेल्या लेगबाय मिळत नाहीत, कारण बाद दिल्याक्षणी चेंडू मृत झाला. स्टँडमध्ये यावरून हमखास वाद पेटतो आणि चौफेर नजरा स्कोअरबुकवाल्याकडे वळतात. एचबीच्या दोन लाकडी पेन्सिली दोन्ही टोकांना तासलेल्या असाव्यात. शिशाच्या कांडीची पेन्सिल गर्दीच्या धक्क्यानं नेमकी हाणामारीच्या षटकात मोडते. खोडरबराला भोक पाडून दोरीनं पॅडला बांधावं, कारण खुर्च्यांच्या फटीतून पडलेलं खोडरबर परत मिळत नाही. ज्यांना हौस जास्त, ते प्रत्येक गोलंदाजाला वेगळा रंग देतात. मग फलंदाजाच्या ओळीवर नजर टाकली तरी त्यानं कुणाला झोडलं आणि कुणापुढे तो गप्प बसला, ते रंगांवरून दिसतं. मोठ्या सामन्यांना मात्र गेटवर झडती असते. पाण्याची बाटलीसुद्धा आत जात नाही, तिथं लाकडी पॅड आणि टोकदार पेन्सिली घेऊन आलेल्या माणसाकडे पोलीस कसा बघत असेल ते सांगायला नको.

हे सगळं सांगायचं कारण असं, की या कामात हात गुंतलेले असतात आणि त्यामुळे डोळ्यांना उसंत मिळते. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला सर्वात जड जातात ते रिकामे हात. नखं खायची, खुर्ची न बदलण्याची शपथ घ्यायची, 'मी उठलो की विकेट जाते' म्हणून लघवी दाबून धरायची, टीव्ही बंद करून जिन्यात जाऊन उभं राहायचं, हे सगळे रिकाम्या हातांचे उद्योग. लिहिणारा हात मात्र विकेट गेली तरी थांबू शकत नाही. त्याला ती विकेट मांडावी लागते, सुवाच्य अक्षरात.

आणि काही पानं फार वाईट दिसतात.

१९ नोव्हेंबर २०२३ चं, अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्याचं पान घ्या. पहिल्या दहा षटकांत चौकार-षटकारांची दाटी, आणि मग एकदम पेरणी केल्यासारखे ठिपके आणि एकेरी धावा. मधे ९७ चेंडू असे गेले की एकही चेंडू सीमेपार नाही. राहुलची ओळ तर पट्ट्यात मावत नाही, खालच्या रिकाम्या जागेत उतरवावी लागते: १०७ चेंडूंत ६६, चौकार एक. टीव्हीवर बघणाऱ्याला ते सगळं एक अंधुक दडपण म्हणून आठवतं. लिहिणाऱ्याला ते दडपण मोजून दिलेलं असतं. ठिपका, ठिपका, एक, ठिपका, एक, एक. सामना कुठं निसटला याची चर्चा दुसऱ्या दिवशी गावभर झाली. पेन्सिलीला ते विसाव्या षटकाच्या सुमारालाच कळलेलं असणार, कारण ती मुळी कागदावरून उचललीच जात नव्हती. चौकार लिहिताना हात जरा ऐसपैस वळतो. त्या दुपारी त्याला वळायला जागाच नव्हती.

१३ मार्च १९९६ चं पान याहून विचित्र. ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी, पुढ्यात २५२ चं लक्ष्य. एक बाद ९८ पर्यंत अक्षर छान लागलेलं. मग जयसूर्याच्या चेंडूवर सचिन यष्टिचीत, ६५. तिथून १२० पर्यंत येता येता आठ बाद. विकेट कितीवर पडली त्या रकान्यांत ९८ पासून १२० पर्यंतचे सात आकडे शेजारी शेजारी दाटीवाटीनं बसलेत, एरवी ते पानभर पसरलेले असतात. आणि ३४.१ षटकांनंतर पुढे काहीच नाही. प्रेक्षागारात कागद पेटले, बाटल्या मैदानात आल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. कांबळी रडत बाहेर आला, ते दृश्य सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. पानावर त्याच्या नावापुढे लिहिलंय, १० नाबाद. स्कोअरबुकात 'नाबाद' या शब्दाला एक रुबाब असतो. त्या एका ओळीत मात्र तो शब्द पोरका दिसतो. गोलंदाजांचे चौकोन अर्धे रिकामे, टॅली १२० वर थांबलेली. हरलेल्या सामन्याचा हिशोब निदान बंद करता येतो. हा बंदही करता येत नाही. त्या रात्रीच्या गर्दीबद्दल बोलताना आपण 'तिथले लोक' म्हणतो, जणू ते वेगळ्याच मातीचे होते. सामना बघताना घरातला रिमोट भिंतीवर फेकणारी माणसं गावोगावी होती, फक्त त्यांच्या हाताशी मैदान नव्हतं.

'नाबाद'चा विषय निघाला की महाराष्ट्राच्या जुन्या चाहत्यांच्या घशात एक आवंढा येतो. डिसेंबर १९४८, पुण्याचं पूना क्लब मैदान, समोर काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ नाबाद, संघाच्या चार बाद ८२६. ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमाला फक्त नऊ धावा कमी. मध्यंतर झालं, आणि काठियावाडच्या कर्णधारानं मार पुरे झाला म्हणून सामनाच सोडून दिला. संघ पेट्या भरून निघून गेला. निंबाळकर कसोटी कधीच खेळले नाहीत. त्या दिवशी मैदानाच्या कडेला बसून कुणी वहीत लिहीत असेल, तर त्याला ४४३ पुढे गोल करून थांबावं लागलं असेल आणि टॅलीवर पुढचे कोरे आकडे बघत बसावं लागलं असेल. महाराष्ट्राचा चाहता होणं म्हणजे अशा नऊ धावा जन्मभर मोजत राहणं. रणजी करंडक आला तो १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ, आणि त्यानंतर नाही. २०१३-१४ ला हैदराबादेत अंतिम फेरी गाठली, तिथं कर्नाटकानं सात विकेटनी हरवलं. तरी गहुंजेला सामना असला की पुण्याहून डबा बांधून जाणारी माणसं आहेत. शहरापासून लांब, हायवेवरून आत जायचं, परतीला गाडी मिळेल की नाही ते देवाला माहीत. मुंबईकरांना हे कळायचं नाही. त्यांच्याकडे बेचाळीस करंडक आहेत, त्यामुळे त्यांचं दुःखही श्रीमंताघरचं.

पण त्या श्रीमंत घरातही एक पान असं आहे की ते उघडलं तर अजून खोली गप्प होते. मे १९९१, वानखेडे, रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध कपिलदेवचा हरियाणा. हरियाणाच्या पहिल्या डावात ५२२, मुंबईच्या ४१०, मग हरियाणाच्या २४२. शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ हव्या होत्या. तीन बाद ३४. तिथून अठरा वर्षांच्या सचिननं ९६ मारल्या आणि वेंगसरकर एका टोकाला उभे राहिले. नऊ बाद ३०५ झाल्यावर शेवटचा फलंदाज अबे कुरुविला आला. अजून पन्नास हव्या होत्या. वेंगसरकरांना गोळे आल्यामुळे त्यांच्यासाठी लालचंद राजपूत रनर म्हणून पळत होते. होता होता ३५२ झाल्या. तीन हव्या होत्या. आणि कुरुविला धावचीत.

वेंगसरकर १३९ नाबाद. मैदानातच रडले.

आता हे पान लिहिणाऱ्याच्या बाजूनं बघा. रनर कितीही पळाला तरी त्याचं नाव धावांच्या हिशोबात कुठंच येत नाही. शेवटच्या तासात राजपूत त्या बावीस यार्डांत धावत होते आणि कागदावर ते नव्हतेच. (आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०११ पासून रनर बंदच झाला.) धावचीतच्या पुढे गोलंदाजाचं नाव नसतं, तो रकाना रिकामा सोडायचा असतो. म्हणजे मुंबईच्या चाहत्याला सगळ्यात जास्त दुखलेली ती विकेट कुणाच्याच खात्यात जमा नाही. रागवायचं कुणावर? आणि हिशोबाचं म्हणाल, तर तो चोख जुळतो. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, ३५२. गोलंदाजांनी दिलेल्या अधिक बाय आणि लेगबाय, ३५२. टॅलीवर शेवटची काट ३५२ वर. तिन्ही बाजूंनी बरोबर. ३५३, ३५४ आणि ३५५ हे तीन आकडे टॅलीवर कोरे. बेरीज चुकली असती तर बरं झालं असतं, असं त्या संध्याकाळी वाटलेला एक तरी माणूस त्या मैदानात असणारच.

जिंकलेल्या सामन्यांची पानं त्या मानानं अव्यवस्थित असतात. २ एप्रिल २०११ ची, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची रात्र. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर पायचीत, सचिन १८ वर झेलबाद. वानखेडेवर त्या वेळी पसरलेली शांतता ज्यांनी अनुभवली ते अजून तिचं वर्णन करायला शब्द शोधतात. तिथपर्यंत कुठलीही वही सुबक राहिली असेल. गंभीरच्या ९७ पर्यंतही. पण ४९ व्या षटकाचा दुसरा चेंडू, कुलसेकराला धोनीनं मारलेला षटकार, तो आधी लिहून मग उभा राहणारा माणूस त्या रात्री स्टँडमध्ये होता का? धोनी ९१ नाबाद, चार बाद २७७ हे मागाहून भरलं असणार, शेजाऱ्याच्या मिठीतून सुटल्यावर. जिंकताना चाहता स्वतःचं घड्याळ, चप्पल, आवाज, सगळं हरवून बसतो. म्हणून की काय, जिंकलेल्या सामन्यांच्या आठवणी गोळीबंद नसतात. कोण शेजारी होतं ते आठवतं, कुणी जिलेबी आणली ते आठवतं. कुठल्या षटकात कोण गोलंदाज होता, ते हरलेल्या सामन्याचंच पाठ असतं.

याला अपवाद बार्बाडोसचा. २९ जून २०२४, ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या, सहा विकेट हातात. तिथून एक-एक चौकोन आखडत गेला. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर मिलरचा उंच फटका, सीमारेषेवर सूर्यकुमारनं आत-बाहेर करत धरलेला झेल. तो लिहिताना पेन्सिल अधांतरी थांबते. कारण तिसरा पंच सांगेपर्यंत तो एकतर षटकार असतो नाहीतर विकेट, आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या ओळी आहेत. चाहत्याचं आयुष्य असल्या अर्ध्या मिनिटांतच सर्वात जास्त खर्च होतं.

आकाशवाणीच्या दिवसांत हे अर्धं मिनिट फार लांब असायचं. चित्र नाही, पुन्हा दाखवणं नाही, मधेच खरखर. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर कान लावून घराघरांत वहीत रेघा मारल्या जात. 'पायचीत', 'यष्टिचीत', 'त्रिफळाचीत', 'निर्धाव षटक' हे शब्द कित्येकांच्या जिभेवर बसले ते रेडिओतून. ट्रान्झिस्टरवर लिहिणाऱ्याचा नियम एकच होता: न ऐकू आलेला चेंडू अंदाजानं भरायचा नाही. जागा सोडायची आणि षटक संपल्यावर समालोचक सांगेल त्या धावसंख्येवरून मागे जाऊन तो शोधायचा. त्या वह्यांतल्या रिकाम्या चौकोनांत त्या काळचं हवामान आहे, वीज गेलेली आहे, आईनं हाक मारलेली आहे.

टाळीबद्दल बोलायचं राहिलंच. ३१ जानेवारी १९९९, चेपॉकची कसोटी. पाकिस्तानविरुद्ध २७१ हव्या होत्या. पाठीच्या कळा सोसत सचिन १३६ वर पोचला, सतरा हव्या असताना बाद झाला, आणि उरलेले तिघे चार धावांत गेले. बारा धावांनी हार. चेन्नईचं ते स्टेडियम काही क्षण सुन्न झालं, आणि मग उभं राहून त्यानं पाकिस्तानी संघासाठी टाळ्या वाजवल्या. तो संघ मैदानाला फेरी मारत होता आणि लोक वाजवतच होते. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवी. पण ईडनचे प्रेक्षक आणि चेपॉकचे प्रेक्षक यांच्यात तीन वर्षांचंच अंतर आहे, हेही त्याच दमात आठवतं. प्रतिस्पर्ध्याला टाळी देणं हे मन मोठं असण्यापेक्षा डोळे उघडे असण्याचं काम असावं. जे झालं ते नीट पाहिलेला माणूस टाळी नाकारू शकत नाही. मार्च २०२४ च्या रणजी अंतिम सामन्यात वानखेडेवर विदर्भापुढे ५३८ चं अशक्य लक्ष्य होतं. कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी शेवटच्या दिवशी लंचपर्यंत विकेट पडू दिली नाही. वाडकरनं १०२ काढल्या, आणि मुंबईच्या गोटातली कुजबुज थांबली. नागपूरहून येऊन डोंबिवलीत स्थायिक झालेल्या घरांत त्या दिवशी काय चाललं असेल! ३५३ वर वाडकर गेला, पुढच्या पंधरा धावांत डाव संपला, मुंबई १६९ धावांनी जिंकली. शेवटची विकेट धवल कुलकर्णीची, निरोपाच्या सामन्यात. बघायला गेलं तर सगळं मुंबईच्या मनासारखं. तरी त्या सामन्याची आठवण काढणारा अस्सल मुंबईकर पहिल्यांदा त्या लंचपर्यंतच्या दोन तासांबद्दल बोलतो.

तर ते काका.

चहापानानंतर पाहुण्यांच्या मधल्या फळीतल्या एकाचं शतक झालं. पोरगेलासा फलंदाज, चार तास खेळलेला, मुंबईच्या विजयाच्या वाटेत एकटा उभा. कव्हरमधून एक धाव घेऊन त्यानं हेल्मेट काढलं. स्टँडमधल्या चाळीस-पन्नास जणांनी वाजवायच्या तेवढ्या टाळ्या वाजवल्या आणि ते पुन्हा मोबाइलकडे वळले. काकांनी ती एक धाव लिहिली, शंभराखाली रेघ ओढली, पॅड बाजूला ठेवलं आणि उभे राहिले. नेहमीप्रमाणे उशिरा. पण या वेळी बराच वेळ वाजवत राहिले. पोरानं बॅट वर करून सगळीकडे फिरवली तेव्हा ती क्षणभर आपल्या बाजूलाही वळल्यासारखं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी एक हात वर केला.

संध्याकाळी डाव संपला, मुंबई जिंकली, पोरं कुंपणाकडे पळाली. काका बेरजा करत बसले. आधी फलंदाजांच्या, मग अवांतर, मग गोलंदाजांच्या, मग टॅली. तिन्हीकडे ३१०. समोरच्या बोर्डावर ३११. दिवसभर ते बोर्डाकडे बघून लिहीत नव्हते. बोर्ड बघून लिहिलं तर ती नक्कल झाली, असं त्यांचं म्हणणं असावं. आता तिन्ही बेरजा आपापसांत जुळत असताना बोर्डाशी जुळत नाहीत, याचा अर्थ एकच निघतो. चुकीच्या ओळीत गेलेली धाव तीन बेरजांच्या चिमट्यात सापडते. जो चेंडू मुळात लिहिलाच नाही, तो तिन्ही ठिकाणी सारखाच हरवलेला असतो. तो शोधायची एकच रीत, प्रत्येक षटकाचे सहा चेंडू मोजत मागे जायचं.

मागच्या रांगेतला पोरगा दप्तर अडकवून निघाला होता. थांबून म्हणाला, "काका, मोबाइलवर बॉल-बाय-बॉल आहे. सांगू का कुठला सुटला?"

"नको. आहे इथंच कुठंतरी."

मैदानावर माळी रोलर ओढायला लागले होते. समुद्राकडचा वारा वाढला आणि रबरबँड असूनही पानाचा कोपरा फडफडू लागला. काकांनी तो अंगठ्यानं दाबून धरला. तर्जनी चौकोनांवरून उलटी सरकत चालली: सहा, सहा, वाइड धरून सात, सहा, सहा. शतकाच्या षटकावर येऊन ती थांबली. तिथं पाचच खुणा होत्या. शेवटची ती एक धाव, शंभरावी, आणि तिच्यापुढे कोरी जागा.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, टोक बघितलं, आणि परत ठेवून दिली.

"सापडला?" पोरानं विचारलं.

"सापडला," काका म्हणाले. "तेव्हा मी उभा होतो."